पिचरची तुलना: भागाकार नको, वजाबाकी करा

२०१४च्या हंगामात मिनेसोटा ट्विन्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, फिल ह्यूज याने १८६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद) घेतले आणि वॉक (चार चेंडू बाहेर पडल्याने बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस) दिले अवघे १६. एका वॉकमागे ११.६३ स्ट्राइकआउट, हा मेजर लीग बेसबॉलमधला विक्रम ठरला. त्याच वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉचे आकडे होते २३९ आणि ३१, म्हणजे ७.७१. मग ह्यूज सरस म्हणायचा का? कर्शॉचा ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळून नऊ इनिंगमागे (एक इनिंग म्हणजे तीन आउट) दिलेल्या धावा, १.७७ होता, ह्यूजचा ३.५२.

गोम भागाकारात आहे. छेद लहान असला की गुणोत्तर जरा धक्का लागताच उसळतं किंवा कोसळतं. सबंध हंगामात ह्यूजने आणखी फक्त चार वॉक दिले असते, तरी ११.६३ वरून तो ९.३० वर आला असता.

म्हणून दोन्ही आकड्यांना समोर आलेल्या एकूण बॅटरांनी भागायचं, टक्केवारी काढायची आणि वजाबाकी करायची. ह्यूजसमोर ८५५ बॅटर आले: २१.८ वजा १.९, उरले १९.९. कर्शॉसमोर ७४९: ३१.९ वजा ४.१, उरले २७.८. त्या वर्षीची लीगची सरासरी १३च्या आसपास होती, तेव्हा ह्यूजही चांगलाच होता.

हा फरक मैदानावर असा दिसतो. शंभर बॅटरांमागे कर्शॉने सुमारे दोन वॉक जास्त दिले, पण स्ट्राइकआउट दहा जास्त घेतले. मैदानात मारलेल्या चेंडूंपैकी साधारण तीस टक्क्यांवर हिट मिळते, म्हणजे बॅटर सुखरूप बेसवर पोहोचतो. म्हणजे त्या दहांनी बाद न होता चेंडू मारला असता, तर त्यांतल्या साधारण तिघांनी बेस गाठला असता. शिवाय स्ट्राइकआउटमध्ये धावपटू सहसा पुढे सरकत नाहीत.

छेदात इनिंग घेण्याची सवय मात्र सोडा. नऊ इनिंगमध्ये दोघांनीही नऊ स्ट्राइकआउट घेतले, पण एकासमोर ३० बॅटर आले आणि दुसऱ्यासमोर ४०, तर पहिल्याचे ३० टक्के होतात, दुसऱ्याचे २२.५. मार खाणाऱ्याला जास्त बॅटर मिळतात, एवढाच त्याचा ‘फायदा’. (करारात मात्र इनिंगच मोजतात: ह्यूज २१० इनिंगना एक आउट कमी पडला आणि पाच लाख डॉलरचा बोनस हुकला.)

या वजाबाकीत होमरन (बहुधा थेट मैदानाबाहेर मारलेला, धाव देणारा फटका) येत नाहीत. ह्यूजने १६ दिले, कर्शॉने ९. तो रकाना वेगळा पाहावा लागतो. आणि हंगामाच्या सुरुवातीला, एप्रिलमध्ये, घाई नको: स्ट्राइकआउटचा दर साधारण ७० बॅटरांनंतर भरवशाचा होतो, वॉकच्या दराला १७० लागतात.