‘नेटवर्क’मधून कॉम्प्युटर गायब का झाले? घरगुती शेअरिंगची पार्श्वभूमी

खानदेशात कानबाईच्या रोटांच्या सणाला पुण्या-सुरतेकडची भावकी गावी जमली की जुन्या लग्नांची चित्रणं टीव्हीवर लावायची फर्माइश ठरलेली. हार्ड डिस्क माडीवरच्या कॉम्प्युटरला, टीव्ही खालच्या खोलीत, वायफाय एकच. तरी लॅपटॉपच्या ‘नेटवर्क’ यादीत तो कॉम्प्युटर दिसत नाही. दोष राउटरला दिला जातो. बहुतेक वेळा मूळ २०१७ सालच्या एका निर्णयात असतं.

फाइल वाटून घेण्याची ‘एसएमबी’ ही भाषा १९८०च्या दशकातली, ऑफिसातल्या ओळखीच्या यंत्रांसाठी घडवलेली. १९९६ मध्ये तिच्या तेव्हाच्या रूपाला ‘सीआयएफएस’ असं नाव मिळालं आणि गोंधळाला सुरुवात झाली. २००६ मध्ये दुसरी आवृत्ती आली, २०१२ मध्ये तिसरी, पण जुनं नाव पुसलं गेलं नाही. लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीत फोल्डर जोडताना आजही सहसा ‘सीआयएफएस’च लिहितात, मग आतून तिसरी आवृत्ती का चालत असेना. स्वस्त राउटरच्या मेनूत मात्र ‘सांबा’ (हीच भाषा बोलणारं मोफत सॉफ्टवेअर) किंवा ‘सीआयएफएस’ लिहिलेलं असलं की आत बऱ्याचदा पहिलीच आवृत्ती असते. त्यामुळे नावावरून आवृत्ती ओळखू नये.

खानदेशात हे सगळं उशिरा पोचलं. २००५ नंतर टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं, तरी बहुतेक घरांत कॉम्प्युटर एकच होता. वाटून घ्यायचं ते पेन ड्राइव्हवर. तिथली अडचण निराळी: फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. घरातल्या घरात जाळं जोडायची गरज खऱ्या अर्थाने फायबर, स्मार्ट टीव्ही आणि दुसरा लॅपटॉप आल्यावर निर्माण झाली, म्हणजे नेमकी जुनी भाषा बंद होत असताना.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून जगभर धुमाकूळ घातला. छिद्र बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता, पण असंख्य यंत्रांवर तो चढवलेला नव्हता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० च्या अपडेटपासून पहिली आवृत्ती हटवायला सुरुवात झाली. होम आणि प्रो प्रकारांत तिचा एक भाग शिल्लक होता, पण यंत्र चालू असताना एकूण १५ दिवस तो वापरात आला नाही तर आपोआप निघून जाई. ‘काही केलं नाही, तरी बंद पडलं’ ही तक्रार म्हणूनच खरी होती.

निर्णय योग्यच होता. चुकलं ते सांगणं. ‘नेटवर्क’मध्ये यंत्रांची यादी दाखवणारी जुनी सेवा पहिल्या आवृत्तीवर उभी होती, ती तिच्याबरोबर गेली. यादी रिकामी झाली, नव्या आवृत्त्यांवरचं शेअरिंग मात्र शाबूत होतं. एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा क्रमांक) टाकला की फोल्डर उघडतं. हे कुणी समजावलं नाही, आणि गावोगावच्या रिपेअरिंगवाल्यांनी ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन पहिली आवृत्ती परत चालू करण्याचा रिवाज पाडला. तो आजही चालू आहे आणि तो धोक्याचा आहे. खरा इलाज असा: नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ करावा (राउटर बदलला की विंडोज त्याला नवं जाळं समजते आणि तो अनेकदा ‘पब्लिक’ होऊन बसतो), आणि विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मधल्या ‘फंक्शन डिस्कव्हरी’ने सुरू होणाऱ्या दोन्ही सेवा, ‘प्रोव्हायडर होस्ट’ व ‘रिसोर्स पब्लिकेशन’, ‘ऑटोमॅटिक’वर ठेवाव्यात. शेअरसाठी वेगळं लोकल खातं आणि पासवर्ड करावा. विंडोज उघडायचा चार आकडी पिन इथे चालत नाही.

भारनियमनाच्या भागात आणखी एक पथ्य. लाइट जाऊन आली की राउटर कॉम्प्युटरला नवा आयपी देऊ शकतो आणि टीव्हीत साठवलेला मार्ग तुटतो. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटणाऱ्या सोयीत) तो पत्ता त्या यंत्रासाठी राखून ठेवावा. धाब्याच्या घरातल्या जाड मातीच्या भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय फारसं टिकत नाही. तिथे कॅट-५ई ही नेटवर्कची केबल ओढलेली बरी, १०० मीटरपर्यंत ती पूर्ण गिगाबिट वेग देते. मात्र अनेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. फुल एचडीला तेवढं भरपूर झालं, मोठ्या फोर-के फाइली तिथे अडखळतात.

जाळ्यातले व्हिडिओ थेट टीव्हीवर दाखवणाऱ्या ‘डीएलएनए’ची कथा छोटी. २००३ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली, २०१७ मध्ये तिची संघटना विसर्जित झाली, तंत्र मागे राहिलं. तिथे साधारणपणे पासवर्ड नसतो, जाळ्यातला कुणीही पाहू शकतो. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर फाइलीतला ‘डीटीएस’ पद्धतीचा आवाज टीव्हीला उलगडत नसण्याची शक्यता मोठी. २०१८ च्या शेवटी सुरू झालेलं, मोफत असलेलं जेलीफिन हे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकलं की ते आवाज रूपांतरित करून पाठवतं आणि प्रत्येकाला वेगळं खातंही देतं.

विंडोज ११ च्या २०२४ मधल्या ‘२४एच२’ या अपडेटने हाच वाद पुन्हा उकरला. प्रो प्रकारात आता प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही (माहिती वाटेत बदलली नाही याची खूण) सक्तीची आहे आणि पासवर्डविना ‘गेस्ट’ प्रवेश बंद आहे. राउटरच्या यूएसबीला लावलेली डिस्क त्यामुळे एका रात्रीत उघडेनाशी झाली. सही बंद करण्याचे उपाय सर्रास सांगितले जातात. त्यापेक्षा ती डिस्क राउटरवरून काढून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि नव्या सांबासह लावावी: सहीही होते, पासवर्डही राहतो, आणि लाइट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी धड असली तर डिस्क मध्येच बंद पडत नाही.