रेडिएटर गळतो तेव्हा आधी जातो तो दाब

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली सकाळी एक थेंबही दिसत नाही, आणि तरी कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीतली पातळी हळूहळू खाली जात राहते. अशा वेळी कूलंट ‘आपोआप उडून जातं’ अशी समजूत करून घेऊन अनेक जण वरून पाणी ओततात आणि विषय संपवतात. पण आजच्या गाड्यांची शीतन यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातली पातळी सारखी उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहे असंच धरून चालावं. ती थंड इंजिनात दिसत नाही, याचं कारण दाबात आहे.

साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, निम्मेनिम मिसळलं की हा आकडा १०७ च्या आसपास जातो. इंजिनाला तेवढं पुरत नाही. सिलिंडरमध्ये पेटलेल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंशांच्या वर जातं आणि अ‍ॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळतं. त्या धातूला वाचवणारं कूलंट उकळता कामा नये, म्हणून रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणात स्प्रिंग बसवून आत वातावरणापेक्षा साधारण एक बार (जवळजवळ वातावरणाच्या दाबाएवढा) जास्त दाब राहील अशी सोय केलेली असते. प्रेशर कुकरचंच तत्त्व हे. या दाबाखाली तेच मिश्रण १२५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही.

आता रेडिएटरच्या, म्हणजे कूलंटची उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीच्या, एखाद्या नळीला अर्ध्या मिलिमीटरचं भोक पडलंय असं समजा. दाब पूर्ण चढलेला असेल, तर त्यातून द्रव सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने बाहेर पडतो. हिशेब केला तर मिनिटाला साधारण १०० मिलिलिटर, म्हणजे तासाला सहा लिटर. लहान गाडीतलं सगळं कूलंट जवळजवळ एवढंच असतं! इंजिन थंड झाल्यावर मात्र त्या भोकावर फक्त वरच्या वीतभर द्रवाचा भार उरतो आणि गळती सात-आठ पटींनी मंदावते. भोक याहून बारीक, केसाएवढ्या भेगेसारखं असेल, तर पृष्ठताणामुळे थेंब तिथेच अडून राहतो आणि गळती थांबल्यासारखी वाटते. शिवाय गरम इंजिनावर गळालेला थेंब जमिनीपर्यंत पोचायच्या आत सुकतो. मागे उरतो तो पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुड्यासारखा डाग. थंड गाडीचं बोनेट उघडून टॉर्चच्या उजेडात हेच डाग शोधायचे. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि अ‍ॅल्युमिनियमचा गाभा जिथे जोडलेले असतात ती कड, होज पाइपांचे क्लॅम्प आणि वॉटर पंपाखालचं छोटं छिद्र या जागा आधी पाहाव्यात.

गाडीखाली साचलेलं प्रत्येक पाणी काही कूलंट नसतं. एसी चालू असला की त्यातूनही निथळतं, पण ते रंगहीन असतं आणि बोटांना बुळबुळीत लागत नाही. कूलंट रंगीत, किंचित चिकट आणि गोडसर वासाचं असतं. चव मात्र चुकूनही घेऊ नका. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. यकृतात त्याचं शेवटी ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि त्याचे कॅल्शियमसोबत झालेले स्फटिक मूत्रपिंड निकामी करतात. चव गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि जिवाला मुकतात. सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्यावं, गटारात सोडू नये.

कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पाणी कमी होणं हा दोष नव्हताच. ते उकळून वाफ होऊन जाणं हीच तिची थंड होण्याची रीत होती. १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था बेन्झ त्याच गाडीची सुधारित आवृत्ती घेऊन मानहाइमहून फोर्ट्झहाइमला गेल्या, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीजसाठी मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटरच्या ८०७० चौकोनी नळ्या होत्या. हवेला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड वाढला आणि थोडं पाणी पुरू लागलं. पण उष्णता झटपट बाहेर पडायची तर धातू पातळ हवा. आजच्या नळ्यांच्या भिंती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतात. एखादा उडालेला खडा, किंवा गंजरोधक संपलेलं जुनं कूलंट, एवढंही त्यांना पुरतं.

चालत्या गाडीत गळती वाढली की आधी दाब पडतो. मग सिलिंडर हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या धातूच्या भागाच्या, सर्वांत तप्त जागी कूलंट उकळायला लागतं आणि धातूला वाफेचं आवरण बसतं. वाफ द्रवाच्या मानाने फारच कमी उष्णता वाहून नेते. म्हणून टाकीत बरंच कूलंट शिल्लक असतानाही इंजिन तापू शकतं. तापमानाच्या काट्यावरही अशा वेळी पूर्ण भिस्त ठेवू नये. त्याचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. द्रव उतरून तो वाफेत उघडा पडला, तर इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. चढलेला काटा अचानक उतरला आणि हीटरमधून थंड हवा यायला लागली, तर सुटकेचा निःश्वास टाकू नका, गाडी थांबवा.

काटा चढत असेल तर एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण चालू करावा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद करावं. त्यानंतर काही मिनिटं तापमान आणखी वाढतं, कारण पंप थांबलेला असतो आणि धातूतली उष्णता जागच्या कूलंटमध्ये उतरत राहते. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, तेव्हा हात दूर ठेवावा.

आणि झाकण उघडू नये. हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तरी दरवर्षी माणसं भाजतात, म्हणून आकडेच देतो. १२० अंशांवरचं एक लिटर पाणी अचानक मोकळ्या हवेच्या दाबाखाली आलं, की ते १०० अंशांवर उतरेपर्यंत त्यातलं सुमारे ३७ ग्रॅम पाणी वाफ होतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ३७ ग्रॅम वाफेला साठ लिटर जागा लागते. ही वाफ उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन थेट तोंडावर येते. निदान अर्धा-पाऊण तास थांबावं. जाड फडक्यातून दाबल्यावर वरचा होज पाइप मऊ लागला, तरच झाकण हळूहळू सैल करावं.

तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणीही ओतू नये. अर्धा मीटर लांबीचं अ‍ॅल्युमिनियम १०० अंशांच्या फरकाने एक मिलिमीटरहून जास्त आकसतं, ओतीव लोखंड त्याच्या जेमतेम निम्मं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि त्याखालचा, सिलिंडर असलेला ब्लॉक लोखंडाचा असेल, तर ही ओढाताण दोघांमधली फट बंद ठेवणाऱ्या पातळ गास्केटला सोसावी लागते. हेडला बाक आला तर रेडिएटरचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

गळती बुजवणारी द्रावणं मी फक्त अडचणीतून बाहेर पडण्यापुरती मानतो. त्यातले कण किंवा तंतू भेगेत अडकून तिला बंद करतात खरे, पण भेग कुठली आणि हीटरची अरुंद नळी कुठली, हे त्यांना कळत नाही. बाहेरून लावायचं इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा चिकट लेप, पृष्ठभाग कोरडा, स्वच्छ आणि खरवडलेला असेल तरच धरतं. घरापर्यंत पोचायला साधं पाणी चालतं. नंतर मात्र योग्य कूलंट भरायलाच हवं, नाहीतर पाण्यातले क्षार आत थर धरतात. कूलंट निवडताना रंगावर जाऊ नका. रंग नुसता घातलेला असतो, खरा फरक गंजरोधकांचा असतो, आणि तो गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो.

दुरुस्तीनंतर मेकॅनिककडून दाब-चाचणी मागून घ्या. हातपंपाने थंड यंत्रणेत झाकणावर लिहिलेला दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा हलतो का ते पाहतात. काटा उतरला पण बाहेर कुठेच ओल दिसली नाही, तर हेड गास्केटचा संशय घ्यावा; एक्झॉस्टमधला गोडसर पांढरा धूर किंवा तेलात आलेली दुधाळ साय त्याला दुजोरा देते. पायाखालचा गालिचा ओला असेल आणि काचेवर चिकट धुकं धरत असेल, तर गळती हीटरची. त्याच चाचणीत झाकणही तपासून घ्यावं, कारण स्प्रिंग सैल झाली असेल तर एकही भोक नसताना दाब टिकत नाही. कूलंट भरताना आत अडकलेली हवा पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनेच काढावी, आणि दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी पुन्हा बघावी. हवेचे उरलेले बुडबुडे निघून गेल्यावर ती थोडी उतरलेली असते.