रुळांवरची छोटी गाडी : बाहेरची घ्यावी की इथली?

दर रविवारी आमच्या मॉडेल रेल्वेच्या दुकानात काउंटरवर हा वाद रंगतो. "काका, चाल बघायची तर जपानी इंजिनच!" असं एकजण म्हणतो, आणि दुसरा लगेच, "पण त्याच्यामागं सिद्धेश्वर एक्सप्रेसचे डबे कोण देणार?" दोघांचंही खरं आहे. आम्ही त्यांना जे सांगतो, तेच इथं लिहून देत आहोत.

'बाहेरची' म्हणजे नक्की कुठली, हे आधी बघा. छोट्या गाड्या बनवणाऱ्या ब्रिटनच्या हॉर्न्बी कंपनीनं १९९० च्या दशकातच मार्गेट गावातलं आपलं उत्पादन चीनला हलवलं. मर्कलिनचं काम जर्मनीतल्या गोपिंगेनला आणि हंगेरीतल्या ग्योरला चालतं, काटोचं जपानमध्ये. खोक्यावरच्या नावावरून कारखाना कळत नाही. दर मात्र सगळ्यांचेच चढलेत, कारण खेळण्यांवरची सीमाशुल्काची टक्केवारी २०२० मध्ये २० वरून ६० आणि २०२३ मध्ये ७० झाली.

मग इंजिन इथं का बनत नाही? कारागीर आहेत, अडतं ते डायपाशी, म्हणजे प्लास्टिक ओतायच्या साच्यापाशी. इंजिनाच्या एका बॉडीची पोलादी डाय लाखांत जाते आणि हजारोंनी नग खपले तरच वसूल होते. एअरफिक्स कंपनीचे प्लास्टिकचे विमानसंच काही वर्षं भारतात ओतले गेले, म्हणजे हात कमी पडत नाहीत, गिऱ्हाईक कमी पडतं.

म्हणून आमचा सल्ला : इंजिनाची चाल, म्हणजे मोटर-गिअर-चाकं, बाहेरची घ्या, डबे इथले घ्या. पण चाल घेताना सुटे भाग मिळतात का, ते आधी विचारा. मागच्या वर्षी एक नवंकोरं परदेशी इंजिन आमच्याकडं आलं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक्' करायचं. उघडलं तर अॅक्सलवरच्या प्लास्टिकच्या गिअरला केसाएवढी चीर. कंपनीचा तो लॉट संपलेला, गिअर मिळेना. पितळी बसवावा तर तोही चालत नाही. दोन्ही चाकांमधली वीज एकमेकांपासून तोडून ठेवतो तो हाच गिअर. पितळ बसवलं की रूळ शॉर्ट. शेवटी डेलरिन या चिवट प्लास्टिकचा कापून बसवला. इंजिन आजही धावतंय.

आता आमच्या सगळ्यात आवडीची गोष्ट. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिमी. १:८७ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागात, ते सव्वाएकोणीस मिमी होतं आणि बाजारातला रूळ साडेसोळाचा. त्यामुळं आपली गाडी त्यावर थोडी पाय आवळून उभी राहते. पण १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी धावलेली आपली बार्शी लाईट ही छोटी नॅरोगेज रेल्वे ७६२ मिमीची. त्याच मापात ती पावणेनऊ मिमी भरते, आणि ९ मिमीचा, 'एन' नावाच्या लहान मापाचा रूळ सहज मिळतो! पाव मिमीचा फरक डोळ्याला दिसतसुद्धा नाही. बार्शी लाईटचे डबे आम्ही ऑर्डरप्रमाणे पितळी पत्र्यात करून देतो. रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतायच्या प्लास्टिकमध्ये, स्वस्त पडतात, पण सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली त्यांच्या पातळ बाजू वाकतात, म्हणून आम्ही रेझिन फक्त छोट्या भागांना वापरतो.

थंडीत रूळ जोडत असाल, तर दर तीन फुटांमागं पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट सोडा. नाहीतर उन्हाळ्यात रूळ बाजूला फुगतो.

दुरुस्तीला इंजिन आणताना त्याचा ट्रान्सफॉर्मरही सोबत आणा. बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथंच सापडतं.