‘डेथ वॉबल’मागची शंभर वर्षं: अखंड ॲक्सल आणि ढिलाईचा शोध

रस्त्यातल्या एखाद्या सांध्यावरून पुढचं चाक उडतं आणि ताशी 70–80 किलोमीटरला गाडीचा पुढचा भाग डावी-उजवीकडे थडथडू लागतो. स्टिअरिंग हातात ठरत नाही आणि वेग बराच खाली आणेपर्यंत ते थांबत नाही. फोर-व्हील ड्राइव्हवाले याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. नाव भडक आहे, पण ज्याने हे एकदा सोसलंय तो नावावरून वाद घालत नाही. हा अलीकडच्या जीपांचा रोग आहे, असा समज बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात दोन्ही पुढची चाकं एकाच अखंड ॲक्सलवर, म्हणजे एका सलग आडव्या दांड्यावर, असलेल्या मोटारी वेगाने पळू लागल्या, तेव्हापासून तो सोबतीला आहे.

1920 च्या दशकात मोटारींचे वेग वाढले, पुढच्या चाकांना ब्रेक आले आणि 1923 मध्ये फायरस्टोनने कमी दाबाचे, फुगीर ‘बलून’ टायर बाजारात आणले. पुढचं ॲक्सल जड झालं, टायर बाजूच्या दिशेने लवचीक झाले, आणि चांगल्या महागड्या गाड्याही थरथरू लागल्या. त्या काळचे इंजिनिअर याला ‘शिमी’ म्हणत. कारण यांत्रिक होतं. फिरतं चाक भोवऱ्यासारखं वागतं. अखंड ॲक्सलचं एक टोक खड्ड्यामुळे उचललं गेलं की दोन्ही चाकं तिरपी होतात, आणि तिरपं होणारं फिरतं चाक आपोआप एका बाजूला वळू पाहतं. वळलेली चाकं ॲक्सलला पुन्हा हेलकावा देतात. टायरची लवचीकता आणि सांध्यांमधली ढिलाई या चक्राला खतपाणी घालतात, आणि गाडीच्या वेगातूनच ऊर्जा घेत ते चालू राहतं. धक्का फक्त सुरुवातीला लागतो.

1925 मध्ये फ्रेंच इंजिनिअर जॉर्ज ब्रूलिए यांनी शिमीवरच्या आपल्या निबंधात एक मुद्दा मांडला: वळताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, त्याच दिशेला तंतोतंत जात नाही, थोडा बाजूला सरकत चालतो. पुढे वाहनांच्या हाताळणीचं सगळं शास्त्र याच कल्पनेवर उभं राहिलं. प्रत्यक्षातला इलाज साधा होता. रुंद टायर चाक सरळ करण्याचा काही जोर स्वतःच देतात, म्हणून पाटे (लीफ स्प्रिंग) आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरी घालून कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा (चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिचा) मागे झुकलेला कोन, कमी केला जाई. वॉबल आला की ‘कॅस्टर वाढवा’ हा सल्ला आज सर्रास दिला जातो. कॅस्टर फार कमी असेल तर गाडी रस्त्यावर भरकटते, हे खरं. पण जास्त कॅस्टरने थरथर वाढूही शकते, हे शंभर वर्षांपूर्वीच्या मेकॅनिकला ठाऊक होतं.

प्रवासी मोटारींनी हा प्रश्न सोडवला नाही, त्याला वळसा घातला. रोल्स-रॉइसमधून 1930 मध्ये कॅडिलॅककडे आलेले मॉरिस ऑली यांच्या कामातून जनरल मोटर्सच्या 1934 च्या मॉडेलांवर स्वतंत्र फ्रंट सस्पेन्शन आलं. एक चाक उचललं तरी दुसरं तिरपं होईना, आणि साखळी तिथेच तुटली. थरथरीचं गणित मात्र विमानांच्या चाकांवर पुढे वाढलं. फॉन श्लिप्पे आणि डीट्रिख यांनी 1941 मध्ये जर्मनीत मांडलेलं टायरचं मॉडेल आजही या विषयाच्या अभ्यासात भेटतं.

त्याच सुमारास विलीज एमबी जीप युद्धावर निघाली, पुढे अखंड ॲक्सल घेऊन. खडकाळ जागी या रचनेचे फायदे खरे आहेत. एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं आणि पकड टिकते, ॲक्सलच्या पोटाखालची उंची बदलत नाही, आणि सगळा सांगाडा दणकट असतो. त्या जीपांमध्ये पाटे होते. पाटे ॲक्सलला आडवंही धरून ठेवतात, आणि पात्यांच्या आपसातल्या घर्षणाने हेलकावे थोडे शोषले जातात. म्हणून तिथे संशयाची यादी छोटी असे: ॲक्सलवरचा झिजलेला बेल क्रँक (स्टिअरिंगची ओढ चाकांकडे वळवणारी तरफ), शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक धरणाऱ्या कडीचे, बुश आणि किंगपिनची बेअरिंगं. किंगपिनवरचा ताण शिम (पातळ चकत्या) घालून किंवा काढून जमवायचा, आणि टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) सोडून नकलला, म्हणजे चाकाबरोबर वळणाऱ्या भागाला, स्प्रिंग बॅलन्स (ताणकाटा) लावून ओढून तो मोजायचा. किंगपिनच्या गाड्यांसाठी ही तपासणी आजही तितकीच उपयोगी आहे, आणि तितकीच टाळली जाते.

खरा फरक कॉइल स्प्रिंगने पडला. 1970 ची रेंज रोव्हर, 1984 ची जीप चेरोकी एक्सजे, 1997 ची रँग्लर टीजे, 2005 पासूनचे फोर्ड सुपर ड्यूटीचे फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक: सगळ्यांनी पुढे अखंड ॲक्सल ठेवलं, पण त्यावर पाट्यांऐवजी कॉइल बसवल्या. कॉइल फक्त वजन पेलते. पुढे-मागे धरायला आर्म लागतात, आणि आडवं धरायला एकच दांडा उरतो, ट्रॅक बार, म्हणजेच पॅनहार्ड रॉड. त्याचं एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. पाट्यांच्या दोन जुड्या मिळून करायच्या ते काम आता दोन बोल्टांवर आलं. बोल्ट जरा सैल राहिला की भोक अंडाकृती होतं, आणि मग बोल्ट कितीही आवळला तरी ॲक्सल आडवं सरकतच राहतं. माझ्या मते तपासणीची सुरुवात इथूनच व्हावी, टायरच्या दुकानातून नव्हे.

ती करण्याची रीतही या रचनेतूनच आली आहे. गाडी स्वतःच्या वजनावर उभी ठेवायची, इंजिन चालू, एकाने स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली बघायचं. ट्रॅक बारची दोन्ही टोकं, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉडची टोकं, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट: प्रत्येक सांध्यावर बोट ठेवलं तर डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला कळते. जॅकवर उचललेल्या गाडीत या सांध्यांवर भारच नसतो, म्हणून ते निर्दोष वाटतात. बॉल जॉइंट (किंगपिनच्या जागी आलेले गोल सांधे) आणि व्हील बेअरिंग मात्र चाक उचलूनच तपासायचे. चाक वर-खाली धरून हलवायचं. कुणीतरी ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा.

टायरची भूमिका बहुधा ठिणगीची. 31 इंची टायरचा घेर सुमारे अडीच मीटर असतो, म्हणजे ताशी 80 किलोमीटरला तो सेकंदाला नऊ फेऱ्या मारतो, आणि बॅलन्स बिघडला असेल तर सेकंदाला नऊ ढुसण्या देतो. नुसती बॅलन्सची थरथर वेगाबरोबर हळूहळू चढते आणि त्या वेगाला नेहमीच जाणवते. वॉबल धक्क्यावर उसळतो. लिफ्ट किट लावून उंच केलेल्या गाडीत जड टायर, बदललेला कॅस्टर, आणि ट्रॅक बार व ड्रॅग लिंकचे न जुळणारे कोन एकदमच येतात, त्यामुळे तिथे ठिणगी आणि दारूगोळा वेगळे काढणं कठीण जातं.

आणि मग स्टिअरिंग डॅम्पर. हा छोटा शॉकॲब्सॉर्बर हादरे शोषण्यासाठी असतो, ढिलाई भरून काढण्यासाठी नाही. नवा डॅम्पर लावला की वॉबल काही काळ गायब होतो, आणि झीज मागे चालूच राहते. 2012 मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सदस्य हेन्री वॅक्समन आणि ॲना एशू यांनी रँग्लरच्या वॉबलबद्दल जीप बनवणाऱ्या क्रायस्लरकडे विचारणा केली, तेव्हा हा गॅरेजमधला विषय जाहीर झाला. 2019 मध्ये फियाट क्रायस्लरने नव्या रँग्लर जेएलसाठी सुधारित डॅम्पर बदलून द्यायला सुरुवात केली. या गाड्या जुन्या नव्हत्या, त्यामुळे झिजलेल्या सांध्यांवर सगळं ढकलता येईना. नव्या गाडीतही ही रचना थरथरीच्या किती जवळ उभी असते, हे त्यातून दिसलं. जुन्या गाडीत डॅम्पर बदलून हादरा थांबला असेल, तर तो डॅम्पर पुन्हा काढून वर सांगितलेली तपासणी करणं, हाच पुढचा टप्पा ठरतो. डॅम्परशिवाय स्टिअरिंग हलवलं की सैल सांधा जास्त स्पष्ट दिसतो.