कोडेपुस्तकांतील पवित्र भूमिती

कोडेपुस्तक म्हणजे चित्रांत कोडे, बहुधा लपवलेल्या वस्तूची जागा, दडवलेले पुस्तक. त्याच्या चित्रात वर्तुळे, तारे किंवा ठरावीक प्रमाणाचे आयत दडवायचे आणि वाचकाने ते हुडकून त्यांवरून उत्तराकडे जायचे, अशी ही पद्धत आहे. ‘पवित्र’ हे विशेषण या आकृत्यांना धार्मिक वापरामुळे चिकटले. नऊ त्रिकोणांच्या छेदांतून ४३ लहान त्रिकोण साकारणारे श्रीयंत्र, एकमेकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या दोन समान वर्तुळांमधली मत्स्याकृती, पंचकोनी व षट्कोनी तारा या त्यातल्या प्रमुख आकृत्या होत. सुवर्ण गुणोत्तराला (सुमारे १.६१८) ‘दैवी प्रमाण’ हे नाव रूढ झाले ते इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीच्या १५०९ साली छापलेल्या ग्रंथामुळे. त्यातल्या घनाकृती लिओनार्दो दा विंचीने काढल्या होत्या. कोडेकाराला मात्र अध्यात्माशी फारसे देणेघेणे नसते. कोणालाही पुन्हा तंतोतंत काढता येईल अशी आकृती मिळाली की त्याचे काम भागते.

मापे. पंचकोनी ताऱ्याच्या टोकाचा कोन ३६ अंश, सुसम पंचकोनाचा आतला कोन १०८ अंश आणि त्याचा कर्ण बाजूच्या १.६१८ पट असतो. मत्स्याकृतीची लांबी रुंदीच्या १.७३२ पट भरते. जवळजवळची मापे हमखास फसवतात. ३-४-५ बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा सर्वांत लहान कोन ३६.८७ अंश असतो, म्हणजे ताऱ्याच्या टोकापेक्षा जेमतेम ०.८७ अंशाने जास्त. ८:५ हा साधा आयत १.६ भरतो आणि सुवर्ण आयत म्हणून सहज खपतो. ए४ कागदाचे १.४१४ हे प्रमाण तर कागदाच्या मानकातून आलेले असते. त्यात गूढ काही नाही.

शोधण्याची रीत. छापखान्यात पानाच्या कडा कापल्या जातात, म्हणून पान न मोजता चित्राची चौकट मोजावी. दोन्ही कर्ण सारखे भरले नाहीत तर प्रत वाकडी आहे असे समजावे. पुस्तकाच्या शिवणीजवळ कागद वळतो आणि तिथल्या रेषा आखूड दिसतात. मोबाइलने काढलेल्या फोटोत कडा फुगतात. सपाट ठेवून ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) केलेले स्कॅन बरे, कारण त्यात एका मिलिमीटरला सुमारे २४ ठिपके मिळतात. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून डोळे, बोटांची टोके, काठ्यांची टोके आणि चाकांची केंद्रे एवढेच बिंदू टिपावेत. ढगाची कड किंवा कपड्याची चुणी घेऊ नये, कारण तिथे बिंदू नेमका कुठे मांडायचा हे शोधणाराच ठरवतो. पेन्सिलीचे टोक अर्ध्या मिलिमीटरचे असेल तर २० सेंटिमीटरच्या रेषेत सुमारे ०.१४ अंशाचा फरक पडतो, तेव्हा अंशाच्या दुसऱ्या दशांश स्थळावर वाद घालण्यात हशील नाही.

योगायोगाचे गणित. २० बिंदूंमधून १९० रेषा आणि १,१४० त्रिकोण निघतात, म्हणजे ३,४२० कोन. ३६, ६०, ७२, ९० आणि १०८ हे पाच कोन एकेका अंशाच्या मागेपुढे चालवून घेतले, तर १८० पैकी १० अंश ‘पवित्र’ ठरतात. कोन सारखे विखुरले आहेत असे धरल्यास सुमारे १९० कोन आपोआप जुळतील. चित्रात तारा ‘सापडणे’ हा म्हणूनच पुरावा नव्हे. सोपी कसोटी अशी: सापडलेली आकृती १७ अंश फिरवून किंवा दोन सेंटिमीटर सरकवून पुन्हा बसवावी. तितक्याच बिंदूंवर ती पुन्हा बसली तर सोडून द्यावी.

खरी रचना कशी असते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेले इंग्रज चित्रकार किट विल्यम्स यांचे ‘मास्करेड’ हे याचे उत्तम उदाहरण. जमिनीत पुरलेल्या सोन्याच्या सशाची जागा त्यात दडवली होती. १५ चित्रांच्या या पुस्तकाच्या वाचकांनी नाना तर्क लढवले, पण किल्ली तारा किंवा वर्तुळ नव्हतीच, साध्या सरळ रेषा होत्या. चित्रातल्या प्रत्येक जिवाच्या डाव्या डोळ्यातून डाव्या हाताच्या सर्वांत लांब बोटावरून रेषा काढून ती चित्राभोवतीच्या चौकटीतल्या अक्षरापर्यंत न्यायची. मग डाव्या पायाचे सर्वांत लांब बोट. त्यानंतर उजव्या डोळ्यातून उजवा हात आणि उजवा पाय. डोळा किंवा बोट दिसत नसेल तर ती रेषा गाळायची. प्रत्येक चित्रातून एक शब्द किंवा छोटा शब्दसमूह मिळतो आणि त्यांची पंधरा आद्याक्षरे जोडली की ‘क्लोज बाय अ‍ॅम्पटहिल’, म्हणजे ‘अ‍ॅम्पटहिलजवळ’, असे इंग्रजीत वाचता येते. एकच नियम पंधराही चित्रांना लागू पडतो आणि शेवटी वाचता येणारा मजकूर हाती येतो. या दोन गोष्टी नसतील तर आकृती कितीही देखणी असो, ती नक्षीच.

चित्रातून जमिनीवर. आकृती नकाशावर ठेवण्याचा मोह शोधणाऱ्यांना फार. पण १:२५,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवर साडेबारा मीटर रुंद होते. एवढा पट्टा कोणी खणू देत नाही. शेवटच्या जागेसाठी वेगळी खूण द्यावीच लागते. ‘मास्करेड’मधला सोन्याचा ससा इंग्लंडच्या बेडफर्डशायरमधल्या अ‍ॅम्पटहिल पार्कमध्ये, आठव्या हेन्री राजाची पहिली राणी आरागॉनची कॅथरीन हिच्या स्मारकापाशी पुरला होता, विषुवदिनी (दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी) मध्यान्ही स्मारकाच्या सावलीचे टोक जिथे टेकते तिथे. तो १९८२ मध्ये बाहेर निघाला. हे ठिकाण ५२ उत्तर अक्षांशावर असल्याने त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य ३८ अंश उंच असतो आणि सपाट जमिनीवर सावली उंचीच्या १.२८ पट, बरोबर उत्तरेकडे पडते. स्मारकाची उंची मोजली की विषुवदिनाची वाट न पाहताही जागा काढता येते. मात्र उत्तर दिशा होकायंत्राची न धरता भौगोलिक धरावी.