हुमल्यांची शिवणकला

काजूचा हंगाम जवळ आला आणि बागेची साफसफाई निघाली की हुमल्यांच्या, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांच्या, घरट्यांना पेटती चुडती लावणारे कुणीतरी असतेच. ज्याला हुमले चावलेत त्याला दोष देववत नाही. पण या तांबड्या मुंग्यांना डंख नसतो. जबड्याने कातडी धरायची आणि पोटाचे टोक पुढे वाकवून चाव्यावर फॉर्मिक आम्ल सोडायचे, एवढेच त्या करतात. आग होते ती आम्लाची.

त्या घरट्याकडे एकदा लांबूनच नीट पाहा. ते हिरव्यागार, जिवंत पानांचे असते. दोन पानांत अंतर जास्त असेल तर एक मुंगी दुसरीची कंबर जबड्यात धरते, दुसरी तिसरीची, आणि अशा साखळ्या मिळून पान ओढून आणतात. पायांच्या टोकाशी असलेल्या मऊ गादीमुळे एकेक मुंगी स्वतःच्या वजनाच्या 100 पटींहून जास्त भार पेलते. पानांच्या कडा भिडल्या की काही मुंग्या त्या धरून ठेवतात, बाकीच्या आतून अळ्या घेऊन येतात.

खरी गंमत इथे आहे. प्रौढ मुंगीला रेशीम काढता येत नाही, वाढ पूर्ण होत आलेल्या अळीला येते. कामकरी मुंगी अळी तोंडात धरते, मिशांनी पानाची कड चाचपते आणि अळीचे डोके तिथे टेकवते. अळीच्या लाळग्रंथींतून निघालेला धागा पानाला चिकटतो. मग तीच अळी दुसऱ्या कडेला नेऊन टेकवायची, पुन्हा इकडे आणायची, मागावरच्या धोट्यासारखी. हे रेशीम एरवी अळीने स्वतःच्या कोषासाठी वापरले असते. ते घरट्यात खर्च झाल्यामुळे हुमल्यांच्या अळ्यांना कोष उरत नाही, मुंगी होईपर्यंत त्या उघड्याच राहतात.

पोर्तुगिजांनी ब्राझीलहून काजू आणला तेव्हा ढेकण्या ही कीड आणि हुमले दोघेही इथेच होते. ढेकण्या कोवळी पालवी आणि मोहोर शोषतो, हुमले त्यालाच पकडून नेतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात काजूबागांत कीडनियंत्रणासाठी हुमले मुद्दाम वसवून पाहिले आहेत, आणि ते उपयोगी ठरले. पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या दुसऱ्या किडीला मात्र ते तिच्या गोड स्रावासाठी सांभाळतात, ही त्यांची खोडही लक्षात ठेवावी.

ओडिशात यांची चटणी करतात. 2024 मध्ये तिथल्या सिमिलिपालच्या चटणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. चव झकास आंबट असेल, पण ती कोरोनावर औषध म्हणून वापरावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येच फेटाळली होती. व्हॉट्सॲपवरच्या वैद्यांना हे कुणी सांगावे!

आपल्या बागेत हुमल्यांच्या वसाहती किती, हे ओळखायची साधी युक्ती आहे. दोन झाडांवरचे थोडे हुमले एकत्र सोडावेत. भांडले तर वसाहती वेगळ्या. अशा दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना टेकू देऊ नयेत, नाहीतर ढेकण्या राहतो बाजूला आणि हुमले आपसांतच लढून मरतात.