साठ टक्के पाठिंबा आणि तरी पराभव

22 मे 2015 रोजी आयर्लंडमध्ये समलिंगी विवाहावर सार्वमत झालं आणि 62 टक्के मतदारांनी ‘हो’ म्हटलं. हे सार्वमत व्हावं म्हणून सरकारात हिरिरीने मागे लागलेला पक्ष होता लेबर, आघाडीतला धाकटा भिडू. नऊ महिन्यांनी सार्वत्रिक निवडणूक झाली आणि लेबरच्या जागा 37 वरून 7 वर आल्या.

निकालाच्या रात्री अशा वेळी तज्ज्ञांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘लोकांनी अमुक भूमिका नाकारली.’ ज्योतिषी निदान निकालाआधी तरी बोलतो. हे तज्ज्ञ निकाल लागल्यावर कारण हुडकतात, आणि कारण सापडत नाही असं कधी होत नाही. इथे तर भूमिका नाकारली म्हणायचीही सोय नाही. तीच भूमिका लोकांनी नुकतीच भरघोस मतांनी उचलून धरली होती.

शाळेतल्या गणिताने हे कोडं बरंचसं सुटतं. वहीचं एक पान घ्या. तीन प्रश्न लिहा: समलिंगी विवाह, गर्भपाताचा हक्क, फाशी रद्द करणं. पक्ष दोनच. त्रिकोण पक्ष तिन्हींना ‘हो’ म्हणतो, चौकोन पक्ष तिन्हींना ‘नाही’. मतदारांचे सारखे पाच गट करा, प्रत्येकात 20 टक्के.

क गटाला फक्त विवाहाचा मुद्दा पटतो, बाकी दोन नाही. ख गटाला फक्त गर्भपाताचा हक्क पटतो, ग गटाला फक्त फाशी रद्द करणं. घ आणि च या गटांना तिन्ही पटतात. आता एकेका प्रश्नाचे होकार मोजा. विवाहाला क, घ, च, म्हणजे 60 टक्के. गर्भपाताच्या हक्काला ख, घ, च, पुन्हा 60. फाशीचंही तेच. वर्तमानपत्राने पाहणी केली तर मथळा तयार: ‘तिन्ही प्रश्नांवर जनता त्रिकोणाबरोबर!’

मतदानाच्या दिवशी मात्र प्रश्न सुटे विकत मिळत नाहीत, आख्खा पक्ष घ्यावा लागतो. क गटवाला हिशोब करतो, एक मुद्दा त्रिकोणाचा पटतो, दोन चौकोनाचे, आणि चौकोनावर शिक्का मारतो. ख आणि ग तेच करतात. चौकोन 60, त्रिकोण 40. एकूण एक प्रश्नावर बहुमत असलेला पक्ष आपटला, तेही मतमोजणीत कसलाही घोटाळा न होता.

याला ओस्त्रोगोर्स्कीचा विरोधाभास म्हणतात. मोइसेई ओस्त्रोगोर्स्की हे पक्षसंघटनांचे जुने अभ्यासक. त्यांचं नाव या कोड्याला 1976 मध्ये डग्लस रे आणि हान्स डाउट या राज्यशास्त्रज्ञांनी दिलं. मला यातली खरी गंमत वाटते ती त्याच्या मर्यादेत. सगळ्या प्रश्नांवरचा सरासरी पाठिंबा 75 टक्के किंवा जास्त असेल तर हे घडूच शकत नाही. का? पक्ष हरायचा तर निम्म्याहून जास्त मतदारांना त्याचे निम्म्याहून कमी मुद्दे पटलेले असणार. उरलेल्यांना सगळेच्या सगळे पटले असं धरलं तरी सरासरी अर्धा गुणिले अर्धा अधिक अर्धा, म्हणजे पाऊण, याच्या आतच राहते. प्रश्न तीनच असतील तर ही मर्यादा आणखी खाली, दोन तृतीयांशावर येते, कारण तिथे ‘निम्म्याहून कमी’चा अर्थ फार तर एक असा होतो. (डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडा, पुढचा सोडू नका.)

कारण आतापर्यंत आपण तिन्ही प्रश्नांना सारखं वजन दिलं. समजा, प्रचारात विवाहाचा प्रश्न असा पेटला की क गटाला दुसरं काही सुचेना. त्यांनी तेवढ्यावरच मत दिलं की 20 टक्के मतं इकडची तिकडे, आणि त्रिकोण 60 टक्क्यांनी विजयी. कोणाचंही मत कशाबद्दलही बदललेलं नाही. बदललं ते फक्त वजन. म्हणून मुरलेले प्रचारक मतपरिवर्तनाच्या फार मागे लागत नाहीत. चर्चा कशावर व्हावी यासाठी भांडतात. भूमिका लोकप्रिय असून भागत नाही, ती ज्यांना पटते त्यांनी तिच्यासाठी बाकीचं बाजूला ठेवायला हवं. आणि दोन्ही पक्ष तेच म्हणत असतील तर तिचं वजन शून्य.

डंकन ब्लॅक (1948) आणि अँथनी डाउन्स (1957) या अर्थशास्त्रज्ञांचा ‘मधला मतदार’ अनेकांनी ऐकला असेल: सगळे मतदार त्यांच्या भूमिकेप्रमाणे या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रेषेवर उभे केले तर बरोबर मधल्याला जो पक्ष जवळचा, तो जिंकतो. त्यात तथ्य आहेच. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकांवरचा अँड्र्यू हॉल यांचा 2015 चा अभ्यास सांगतो की पक्षांतर्गत निवडणुकीत टोकाचा उमेदवार निसटता जिंकला, तर मुख्य निवडणुकीत पक्षाची मतं सरासरी 9 ते 13 टक्क्यांच्या अंकांनी घटतात. पण रेष एक असेल तोवरच ‘मधला’ सापडतो. तीन प्रश्न म्हणजे तीन रेषा, आणि तिथे सगळ्यांच्या मधला असा कोणी बहुधा नसतोच.

पुन्हा आयर्लंड. तिथली पसंतीक्रमाची मतपद्धत आपल्या वहीतल्या खेळाहून वेगळी, पण सार्वमताने काय केलं ते दिसतं: गठ्ठ्यातला एक प्रश्न सुटा करून विचारला. तिथल्या सगळ्या मोठ्या पक्षांचा त्याला पाठिंबा होता, त्यामुळे लेबरचं वेगळेपण उरलं नाही. 2016 च्या निवडणुकीत वजन होतं सरकारी खर्चातल्या कपातीला आणि पाणीपट्टीला. 2018 मध्ये गर्भपातावरची बंदी उठवण्याचं सार्वमत झालं, 66 टक्के लोक ‘हो’ म्हणाले, लेबरही होकाराच्याच बाजूने. 2020 च्या निवडणुकीत लेबरला 6 जागा मिळाल्या.